किल्लीकाकूंचं मत

किल्लीकाकूंचं दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली. आत दोन गिऱ्हाइकं उभी राहिली की तिसऱ्याने रस्त्यावरूनच बोलायचं. भिंतीवर खिळ्यांना लटकवलेल्या कोऱ्या किल्ल्या, टेबलावर किल्ली कापायचं यंत्र, शेजारी कानशींचा डबा आणि खणाखणांच्या कपाटात कुलुपांच्या आतल्या स्प्रिंगा. त्या इतक्या बारीक, की एखादी निसटली तर अर्धा तास जमिनीवर बसून शोधावी लागे. हे काम काकू वडिलांकडून शिकल्या होत्या. दार ओढून घेतलं आणि किल्ली आत राहिली, असं ज्याचं व्हायचं तो आधी कपाळावर हात मारायचा आणि मग काकूंना फोन करायचा.

वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी काकूंच्या बोटांना संधिवात झाला. वय झालं म्हणून गुडघे कुरकुरतात तो नव्हे, दुसरा. डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं, की शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशीच बिथरतात आणि आपल्याच सांध्यांवर चालून जातात.

"म्हणजे वॉचमनच घर फोडतोय," काकू म्हणाल्या होत्या.

"अगदी बरोबर. आणि या वॉचमनला कामावरून काढताही येत नाही."

त्याला आता अकरा वर्षं झाली होती. औषधांनी बराच फरक पडला होता, पण सकाळ काही सुधारत नव्हती. जाग आली की दोन्ही हातांची बोटं लाकडाची झालेली असत. मूठ वळायची नाही, बटण लागायचं नाही, दाराची कडी सरकायची नाही. नऊ-साडेनऊला एकेक बोट सैल पडायला लागे, आणि अकरा वाजता काकू दुकानात अशा झपाट्याने काम करत की पाहणाऱ्याने म्हणावं, या बाईला काय धाड भरलीय! तोवरची सगळी कामं काकांची. काका बसचालक होते, निवृत्त झालेले. पहिली बस काढण्यासाठी पस्तीस वर्षं चार वाजता उठलेला माणूस, ती सवय काही गेली नव्हती. काकूंचे केस विंचरायलाही ते शिकले होते. भांग मात्र त्यांच्या जुन्या बसमार्गासारखा वळणं घेत घेत जायचा.

एकदा तपासणीला गेलेल्या असताना काकूंना दवाखान्याच्या फळ्यावर एक कागद दिसला. संधिवातावरच्या संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या एका संस्थेचा. कोणत्या संशोधनाला पैसा द्यायचा हे ठरवणाऱ्या समितीत बसायला माणसं हवी आहेत, असं लिहिलं होतं. आणि खाली: शिक्षणाची अट नाही. संधिवात मात्र हवा.

काकू मोठ्याने हसल्या. बाकावर बसलेल्या चार माणसांनी माना वळवल्या.

"अहो, इकडे या," त्यांनी काकांना बोलावलं. "या दुखण्याला कधी कुणी पात्रता म्हणेल असं वाटलं होतं का?"

काकांनी चष्मा वर करून कागद वाचला. "अट एकच आहे, आणि तीत तू पहिल्या नंबराने पास. देऊया अर्ज."

"वेड लागलंय का तुम्हाला? तिथे सगळे डॉक्टर आणि प्राध्यापक. सगळं माझ्या डोक्यावरून जाईल."

"गेलं तर तसं सांगायचं. बसचं इंजिन मी कधी उघडलं होतं का? पण तिसऱ्या गिअरला खर्र होतंय हे मेकॅनिकला मीच सांगायचो ना? पस्तीस वर्षांत एकही मेकॅनिक म्हणाला नाही, की तुम्हाला काय कळतंय."

एक जण म्हणाला होता, पण ते काकांनी सांगितलं नाही. घरी गेल्यावर फॉर्मही त्यांनीच भरला, कारण सकाळची वेळ होती.

तीन आठवड्यांनी संस्थेच्या कचेरीत नव्या सभासदांसाठी शिकवणी ठेवली होती. शिकवायला संस्थेची समन्वयक होती, पंचविशी-तिशीची, भराभर बोलणारी मुलगी. काकूंसारखे आणखी सात जण होते. काकूंच्या शेजारी एक गवंडी बसले होते. फावड्याएवढे हात, आणि त्या हातांची बोटं एका बाजूला कललेली. वीट उचलायची सोडून त्यांना आता नऊ वर्षं झाली होती.

"पैसा आपल्याकडे शंभर वाटांनी येतो," समन्वयक सांगत होती. "कुणी शर्यतीत पळून ओळखीच्यांकडून वर्गणी गोळा करतं. कुणी जुने कपडे देतं, ते आपल्या दुकानांत विकले जातात. कुणी मृत्युपत्रात संस्थेचं नाव लिहून ठेवतं. मग संशोधक अर्ज करतात. प्रत्येक अर्ज आधी बाहेरच्या तज्ज्ञांकडे जातो, ते गुण देतात. आणि मग तो तुमच्यापुढे येतो. समितीत निम्मे शास्त्रज्ञ आणि निम्मे तुम्ही. दोघांच्या मताला सारखीच किंमत."

"सारखीच?" गवंड्यांनी विचारलं.

"सारखीच. चांगले अर्ज दहा असतात आणि पैसा तिघांपुरता, म्हणून निवड करावीच लागते. एक नियम मात्र कडक आहे. ज्या अर्जात आपला कसलाही हात असेल, त्याची चर्चा सुरू झाली की खोलीबाहेर जायचं. मग तो माणूस कितीही मोठा असो."

"आणि आम्हाला अर्ज कळलाच नाही तर?"

"तर चूक अर्जाची. प्रत्येक अर्जात दोन पानं साध्या भाषेत लिहावीच लागतात. ती कळली नाहीत तर तसा शेरा मारा."

गवंडी खूश झाले. "हे शाळेत असताना कुणी सांगितलं असतं तर मी आज मुख्याध्यापक असतो," ते काकूंना म्हणाले. त्या दिवसापासून दोघांची गट्टी जमली.

आठवड्याभरात अर्जांचं जाडजूड पाकीट घरी आलं. नऊ अर्ज होते. काकू ते दुकानात दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात वाचायच्या. काही शब्दांपुढे हात टेकावे लागले, मग समन्वयकाला फोन. उंदरांच्या सांध्यांवरचा एक अर्ज त्यांना इतका आवडला की वाचता वाचता एका गिऱ्हाइकाची किल्ली त्यांनी उलटी कापली आणि दुसरी फुकट करून द्यावी लागली. एका अर्जात पाच वर्षांत संधिवात मुळापासून उखडून टाकण्याचं वचन होतं. त्याच्या समासात काकूंनी लिहिलं, 'कधीही न उघडणारं कुलूप, अशी जाहिरात मी रोज वाचते. तसली कुलुपं आठवड्याला दोन उघडते.'

सातवा अर्ज एका तरुण डॉक्टरबाईंचा होता, आणि तो सकाळबद्दल होता. एक जुनी, सगळ्यांच्या ओळखीची गोळी. तिला असं वेष्टण द्यायचं की झोपताना घेतली तरी ती पोटात पहाटे विरघळावी. सांध्यांची सूज पहाटेच चढते, तेव्हा औषध ऐन वेळेला हजर राहील आणि माणूस उठेल तेव्हा हात मोकळे असतील. दोनशे रुग्ण, निम्म्यांना ही गोळी, निम्म्यांना साधी. तज्ज्ञांनी भरभरून गुण दिले होते. काकूंना तर अर्ज वाचून भरून आलं. आपली सकाळ कुणीतरी कागदावर लिहिली आहे, असं त्यांना वाटलं.

मग त्या मोजमापाच्या पानावर आल्या. ते पान त्यांनी तीनदा वाचलं.

"अहो," त्यांनी काकांना हाक मारली. काका बाहेर स्टुलावर बसून रस्त्यावरच्या बसेसच्या वेळा तपासत होते. "ही बाई रुग्णांना दवाखान्यात बोलावणार, आणि यंत्रावर त्यांच्या मुठीचा जोर मोजणार. किती वाजता, माहितेय?"

"किती?"

"अकरा."

काका उठून आत आले. "अकरा वाजता तू मला उचलून ठेवशील."

"तेच म्हणते मी! अकरा वाजता माझे हात दुसऱ्याच बाईचे असतात."

बैठकीच्या दिवशी काकू अर्धा तास आधीच पोचल्या. लांबलचक टेबल, सोळा खुर्च्या, प्रत्येकापुढे नावाची पाटी, कागद, पेन्सिल आणि पाण्याची बाटली. समितीचे अध्यक्ष एक ज्येष्ठ प्राध्यापक होते. त्यांची भुवई सतत वर चढलेली असे, त्यामुळे ते नेहमीच शंका घेत आहेत असं वाटायचं. त्यांनी सगळ्यांचं स्वागत केलं आणि घसा ओला करायला बाटली उघडली. कट्ट आवाज झाला. टेबलाच्या पलीकडच्या बाजूच्या शास्त्रज्ञांनीही बाटल्या उघडल्या. कट्ट, कट्ट, कट्ट. अलीकडची बाजू गप्प होती.

गवंड्यांनी आपली बाटली उचलली, झाकणाकडे पाहिलं आणि ती हळूच अध्यक्षांपुढे सरकवली. "साहेब, सील आहे."

अध्यक्षांची भुवई पहिल्यांदाच खाली आली. संधिवाताच्या संस्थेने संधिवाताच्या माणसांपुढे सीलबंद बाटल्या ठेवल्या होत्या. समन्वयकाने तोंडावर हात ठेवला. "अरे देवा! कळलंच नाही..." अलीकडच्या बाजूनेच कुणीतरी फिस्सकन हसलं. त्याबरोबर सगळं टेबल हसायला लागलं. अध्यक्ष स्वतः उठले आणि एकेकाची बाटली उघडून देत फिरले. काकूंनी खुर्ची टेबलाजवळ ओढून घेतली.

सातवा अर्ज जेवणाआधी आला. एका शास्त्रज्ञ सभासदाने तो थोडक्यात मांडला, गुण वाचून दाखवले आणि म्हटलं, "मला वाटतं यावर फार वेळ घालवायची गरज नाही. मंजूर करण्यासारखाच आहे."

काकूंनी हात वर केला. "मला बोलायचंय. गोळी छान आहे. बाईंना आमचं दुखणं बरोबर कळलंय. पण चोर पहाटे येणार हे ठाऊक असून पहारा दुपारी लावतायत."

"म्हणजे?" अध्यक्ष म्हणाले.

"अकरा वाजता मोजणार आहेत ना! अकरा वाजेपर्यंत आमच्या सगळ्यांचेच हात सुटलेले असतात. गोळी घेतली तरी आणि नाही घेतली तरी. मग फरक दिसणार कुठून? गोळी चांगली असली तरी कागदावर नापास होईल."

अलीकडच्या बाजूच्या सात माना एकदम हलल्या. अर्ज मांडणारे शास्त्रज्ञ चष्मा काढून पुसायला लागले. "मुद्दा आहे," ते सावकाश म्हणाले. "पण यंत्र दवाखान्यात आहे. माणसांना पहाटे सहाला तिथे आणायचं कसं?"

"आणायचं कशाला?" गवंडी म्हणाले. "सहा वाजता मला गाडीत घालायला तीन माणसं लागतील. यंत्रच घरी पाठवा."

"ते महाग आहे, आणि वापरायला शिकावं लागतं."

चर्चा अर्धा तास चालली. शेवटी अर्ज फेटाळायचा नाही आणि मंजूरही करायचा नाही, असं ठरलं. मोजमाप बदलून चार महिन्यांनी पुन्हा मांडा, असं कळवायचं. बाहेर पडताना अध्यक्ष काकूंजवळ थांबले. "सहा तज्ज्ञांनी वाचला होता तो अर्ज," ते म्हणाले. "मीही वाचला होता." एवढंच बोलून ते गेले, पण काकूंना रस्ताभर जमिनीवर पाय टेकल्यासारखं वाटलं नाही.

दोन आठवड्यांनी समन्वयकाचा फोन आला. डॉक्टरबाईंना समितीचं म्हणणं पटलं होतं. पण घरच्या घरी, पहाटे, स्वस्तात मोजायचं कसं, हे त्यांना सुचत नव्हतं. रुग्णांपैकी कुणी मदत करील का, असं त्यांनी विचारलं होतं.

"काकू, तुम्ही मदत केलीत तर त्या अर्जावर तुम्हाला मत देता येणार नाही. बाहेर बसावं लागेल. नीट विचार करून सांगा."

काकूंनी त्या संध्याकाळी दुकान लवकर बंद केलं. त्यांना ते मत फार प्रिय होतं. आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या मोठ्या टेबलाशी त्यांच्या शब्दाला प्राध्यापकाच्या शब्दाइतकं वजन आलं होतं, आणि तेही ज्या अर्जासाठी वापरावं असं वाटत होतं, नेमकं त्यावरच सोडायचं. काकांनी चहाचा कप पुढे ठेवला.

"माझ्याऐवजी मत द्यायला तिथे पंधरा जण आहेत," काकू शेवटी म्हणाल्या. "पण कुलूपवाली मी एकटीच आहे."

"सुचलंय काहीतरी तुला," काका म्हणाले. "तुझं नाक लाल झालंय."

सुचलं होतंच. मुठीचा जोर मोजून काय करायचंय? सकाळी उठून यंत्र कोण दाबतं? माणूस किल्ली फिरवतो, कडी काढतो, नळ सोडतो. काकूंनी एका फळीवर पाच कुलुपं बसवली. दिसायला सगळी सारखी, पण आत वेगवेगळ्या ताकदीच्या स्प्रिंगा. पहिलं लहान मुलानेही सहज फिरवावं असं, पाचवं धडधाकट माणसालाही जोर लावायला लावणारं. जाग आल्यावर दर पंधरा मिनिटांनी पाची किल्ल्या फिरवून पाहायच्या. जी फिरली ती फिरली.

डॉक्टरबाई दुकानात पहिल्यांदा आल्या त्या दाराच्या बुटक्या कमानीत डोकं आपटूनच. सडपातळ, उंच, आणि खांद्यावर सामानाने फुगलेली पिशवी. त्यांनी फळीवरच्या किल्ल्या एकेक करून फिरवल्या. मग पुन्हा फिरवल्या. मग म्हणाल्या, "किती जोर लागतो ते ठरावीक राहील का? रोज तेवढाच?"

"पंधरा वर्षांची हमी. लिहून देते."

"आणि कुठली किल्ली किती वाजता फिरली, हे लोक लिहून ठेवतील का?"

"मी तरी नाही लिहिणार," काकू म्हणाल्या. "पहाटे पेन्सिल कोण धरणार?"

डॉक्टरबाईंनी जीभ चावली. मग दोघी खळखळून हसल्या. पुढच्या भेटीत डॉक्टरबाईंनी प्रयोगशाळेतला एक तंत्रज्ञ आणला, आणि त्याने फळी एका लाकडी पेटीवर बसवून प्रत्येक कुलुपाच्या मागे अशी एक छोटी जोडणी केली की किल्ली फिरली की वेळेची नोंद आपोआप व्हावी. पहिली पेटी काकूंच्या उशाशी आठ दिवस राहिली. काका रोज चार वाजता उठून आधी पाची किल्ल्या स्वतः फिरवायचे, त्यामुळे नोंदींप्रमाणे काकू रोज पहाटे पहिलवान व्हायच्या आणि उजाडेपर्यंत पुन्हा आजारी. डॉक्टरबाई दोन दिवस तो आलेख बघत डोकं खाजवत होत्या. शेवटी गुन्हेगार सापडला. पेटीवर 'फक्त रुग्णाने फिरवावी' अशी सूचना आली ती काकांमुळे.

चार महिन्यांनी समितीची बैठक भरली. सातवा अर्ज या वेळी दुसऱ्या नंबरावर होता. समन्वयकाने पुकारा केला, "या अर्जाशी ज्यांचा संबंध आहे त्यांनी कृपया बाहेर बसावं," आणि काकू उठल्या. त्यांच्याबरोबर अध्यक्षही उठले. मधल्या काळात डॉक्टरबाई अध्यक्षांच्याच विभागात रुजू झाल्या होत्या, हे काकूंना तेव्हा कळलं. मागच्या वेळी अर्ज दुसऱ्या विभागाकडून आला होता.

दोघं बोळात बाकावर बसली. दार जाड होतं, काही ऐकू येत नव्हतं. अध्यक्ष उठून फेऱ्या घालायला लागले.

"बसा हो," काकू म्हणाल्या. "फेऱ्या घालून मतं वाढत नाहीत."

ते बसले. मांडीवरच्या बॅगेशी चाळा करत राहिले. चांगली चामड्याची, आकड्यांच्या कुलुपाची बॅग. "हिचा एक कप्पा तीन वर्षांपासून बंद आहे," ते अचानक म्हणाले. "आकडा विसरलो. आता आत काय होतं तेही आठवत नाही. फेकवत मात्र नाही."

काकूंनी बॅग मांडीवर घेतली, कान लावला, आकड्यांची चक्रं एकेक करून फिरवली. दुपारचे बारा वाजले होते, बोटं फुलासारखी हलकी होती. दोन मिनिटांत कप्पा उघडला. आत एक मोजा होता आणि एका परिषदेच्या जेवणाचं न वापरलेलं कूपन.

"एकच?" काकू म्हणाल्या.

"दुसरा घरी आहे," अध्यक्ष गंभीरपणे म्हणाले. "तीन वर्षं बायको विचारतेय." आणि ते असे हसले की भुवया दोन्ही जागच्या जागी आल्या.

तेवढ्यात दार उघडलं. गवंडी दारात उभे होते. "या आत," ते म्हणाले. "निकाल सांगता येत नाही. नियम आहे. अर्जदाराला पत्र जाईपर्यंत अळीमिळी." पण त्यांचं तोंड या कानापासून त्या कानापर्यंत फाकलं होतं, आणि पाठीमागून समन्वयक त्यांचा सदरा ओढत होती.

पत्र गेलं. मग दोनशे पेट्या करायच्या होत्या. दोनशे पेट्या म्हणजे हजार कुलुपं, आणि जिन्याखालच्या खोलीत काकू एकट्या. त्यांनी दवाखान्याच्या त्याच फळ्यावर कागद लावला, की कुलुपं जोडायला माणसं हवीत, वेळ दुपारी बारा ते चार. रोज पाच-सहा जण यायला लागले. कुणी माजी टंकलेखक, कुणी पियानो शिकवणारी, कुणी नुकतंच दुखणं जडलेली, भेदरलेली मुलगी. दुकानात मावेनात तेव्हा काकांनी रस्त्याच्या कडेला टेबलं मांडली. बोटं वाकडी, पण दुपारी ती चालायची, आणि हातांबरोबर तोंडंही. स्प्रिंग निसटून पळाली की सगळी टेबलं थबकायची आणि काका जमिनीवर रांगत तिला शोधायचे. भेदरलेली मुलगी तिसऱ्या दिवशी सगळ्यांत मोठ्याने हसत होती. गवंडी पेट्यांना वाळूकागद मारायचे आणि प्रत्येक पेटीकडे, भिंत बांधून झाल्यावर बघावं तसं, दोन पावलं मागे जाऊन बघायचे.

चाचणी दीड वर्ष चालली. काकूंना तीत भाग घेता आला नाही, कारण कोणत्या कुलुपात कोणती स्प्रिंग आहे हे त्यांना पाठ होतं. चाचणीबाहेर ती गोळी अजून कुणालाच मिळत नव्हती. काकांना ते लागलं.

"सगळ्यांची दारं उघडून देतेस आणि आपण बाहेरच उभं राहायचं," ते म्हणाले.

"अहो, जन्मभर तोच तर धंदा केला," काकू म्हणाल्या. "दार उघडलं की पहिलं पाऊल गिऱ्हाइकाचं. आपला नंबर लागेल तेव्हा लागेल."

निकाल आला तेव्हा डॉक्टरबाई कागद घेऊन धावत दुकानात आल्या, आणि पुन्हा कमानीत डोकं आपटलं. गोळी लागू पडली होती. सगळ्यांना नाही. चौघांपैकी एकाला काहीच फरक नव्हता. पण बाकीच्यांची तिसरी किल्ली, म्हणजे घराच्या साध्या दाराएवढा जोर लागणारी, सरासरी चाळीस मिनिटं आधी फिरत होती. अकरा वाजता मात्र दोन्ही गटांचे आकडे हुबेहूब सारखे होते. ते पान डॉक्टरबाईंनी वेगळं काढून काकूंपुढे ठेवलं. त्यांचे डोळे भरले होते. काकूंनी त्यांच्या कपाळावर थंड किल्ली दाबून धरली, टेंगूळ येऊ नये म्हणून.

त्या वर्षी संस्थेने देणगीदारांसाठी एक मेळावा घेतला. शाळेचं सभागृह, दोन-अडीचशे माणसं. पळणारे, कपडे देणारे, वर्गणी गोळा करणारे. डॉक्टरबाईंनी आलेख दाखवले. मग काकूंना बोलायला बोलावलं. काकूंनी काही लिहून आणलं नव्हतं. अर्ज कसा आला, परत कसा गेला, पेट्या कशा झाल्या, सगळं त्यांनी दुकानात गिऱ्हाइकाला सांगावं तसं सांगितलं. पहाटेच्या पहिलवानाची गोष्ट सांगितली तेव्हा काका पहिल्या रांगेत उठून उभे राहिले आणि त्यांनी वाकून नमस्कार केला.

मागच्या रांगेतून एक टपालवाला उठला. तो संस्थेसाठी गावाबाहेरचं तळं पोहून गेला होता. त्यासाठी त्याच्या अख्ख्या टपालहद्दीने वर्गणी दिली होती. तो जरा अडखळत म्हणाला, "राग मानू नका, पण मला सरळ सांगा. आजार बरा झाला का?"

डॉक्टरबाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण काकूंनी हाताने थांबवलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "आजार आहे तिथेच आहे. पण सकाळ चाळीस मिनिटांनी लवकर होते. आता चाळीस मिनिटांत काय होतं ते ऐका." त्यांनी चाचणीतल्या रुग्णांची पत्रं काढली. एका बाईने लिहिलं होतं, की मुलीची शाळेची वेणी आता ती स्वतः घालते. मुलगी म्हणते, बाबांची बरी होती, पण राहू दे. एक जण बेकरीत पुन्हा पहिल्या पाळीला जायला लागला होता. एका आजोबांनी फक्त एवढंच लिहिलं होतं, की दाढी स्वतः केली, दोन ठिकाणी कापलं, फार बरं वाटलं.

काकूंनी चष्मा काढला. "तुम्हाला तळं पार करायला किती वेळ लागला?"

"बावन्न मिनिटं," टपालवाला म्हणाला. "पाणी बर्फासारखं होतं."

"तुम्ही एकदा बावन्न मिनिटं पोहलात. त्यातून पाऊणशे माणसांना चाळीस मिनिटं मिळाली, आणि तीही रोज. गुणाकार तुम्हीच करा."

टपालवाल्याने ओठ हलवत मनातल्या मनात आकडे मांडायला सुरुवात केली. मध्येच बोटांवर आला. मग सोडून दिलं, आणि इतका लाजून हसला की शेजारच्या बाईने त्याच्या पाठीत धपाटा घातला.

"मग पुढच्या वर्षी," तो म्हणाला, "जाऊन परत पण येतो."